ताहेरा मॅडम आणि टायरवरचा आकडा

कुणाच्या दारात नवी गाडी उभी राहिली की आपण काय करतो? रंग बघतो, आत बसून घेतो, पेढा तोंडात टाकतो आणि "झकास!" म्हणतो. आमच्या ताहेरा मॅडम पेढा तोंडात टाकायच्या आणि भर रस्त्यात उकिडव्या बसायच्या. ओढणी कमरेला बांधायची, चष्मा कपाळावर चढवायचा आणि टायरला नाक लागेल इतकं जवळ जाऊन बोटानं धूळ पुसत वाचायचं. गाडीवाला बिचारा लिंबू-मिरची हातात घेऊन ताटकळत उभा! वाचून झालं की गुडघ्यावर हात टेकून उठायच्या आणि म्हणायच्या, "मुबारक! टायर सही आहेत." किंवा मग काहीच म्हणायच्या नाहीत. आणि काही म्हणाल्या नाहीत तर त्या माणसाची झोप उडालीच म्हणून समजा.

परवा आमच्या गाडीचे टायर बदलायला जालना रोडवरच्या दुकानात गेलो. दुकानदारानं चार नमुने पुढं मांडले आणि मी चक्क उकिडवी बसले. माझ्या नवऱ्याला वाटलं, हिला चक्कर आली! पाणी आणायला धावला. "अहो, वाचतीय मी," म्हटलं, आणि म्हणतानाच मॅडमची इतकी आठवण आली, इतकी आली की दुकानात एकटीच हसत बसले. आता लिहिल्याशिवाय चैन पडायचं नाही.

मी शाळेत मराठी शिकवते. ताहेरा मॅडम गणिताच्या. स्टाफरूममध्ये आमची टेबलं शेजारी-शेजारी, त्यामुळं त्यांचं सगळं बोलणं आधी माझ्या कानावर आदळायचं. बोलणं कसलं, धबधबा! मराठी, हिंदी, दखनी एका दमात. माहेर सिल्लोडचं, तिथला ठसका आवाजात पुरेपूर. अंगानं भरभक्कम, आणि त्याची लाज-बिज काही नाही. बायका वजन काय, वय काय, दोन्ही लपवतात. या खुर्चीत बसता बसता सांगायच्या, "चौऱ्याऐंशी किलो येतंय, सरका!"

हे टायरचं वेड त्यांना कसं लागलं, तेही ऐकण्यासारखं आहे. जुनी छोटी गाडी घेतली, टायर बदलायला शेखभाईंच्या दुकानात गेल्या. शेखभाई म्हणाले, "मॅडम, घरातलं कुणी जेन्ट्स नाही आलं?" झालं! ठिणगी पडली. मॅडमनी टायरवर बोट ठेवलं. मापाचा लांबलचक आकडा असतो ना, त्याच्या शेवटी आणखी एक छोटा आकडा असतो आणि त्याला चिकटून एक अक्षर. "ये क्या है?"

"वो ऐसाइच रहता, मॅडम."

"शेखभाई, मी गणित शिकवते. आमच्यात ऐसाइच काही नसतं."

आणि टायरच्या ढिगावर ठाण मांडून बसल्या. शेखभाईंनी चहा मागवला, त्या प्यायल्या. दुसरा मागवला, तोही प्यायल्या. शेवटी शेखभाईंनी कुठंतरी फोन लावला, तक्ता मागवून घेतला, तेव्हा मॅडम उठल्या. अक्षर वेगाचं. आकडा वजनाचा. एक टायर पूर्ण हवेवर किती किलो पेलणार, ते त्या आकड्यावरून तक्त्यात बघायचं. आपल्या गाडीला कंपनीनं जो आकडा सांगितलाय, नवा टायर त्याच्या खाली जाता कामा नये. वर गेला तर चालतो. बस्स, एवढंच. पण शेखभाई नंतर कौतुकानं सांगायचे, "मॅडम दुकानात आली की आजही माझी धडधड वाढती."

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये मॅडम नाचायच्याच बाकी होत्या. "वर्षा! अगं ब्याऐंशी म्हणजे ब्याऐंशी किलो नाही! ब्याऐंशीचा स्पीडपण नाही! चारशे पंच्याहत्तर किलो! अन् पुढची गंमत ऐक. एक आकडा वर गेलं की ठरलेले किलो वाढत नाहीत. प्रत्येक पायरीला साधारण तीन टक्के वाढतं. श्रेढी आहे गं श्रेढी! भूमिती श्रेढी! टायरवर!"

मी म्हटलं, "मॅडम, मला काय कळतंय त्यातलं?"

"तू गाडीत बसतेस ना? मग कळलं पाहिजे. गाडी इंजिनावर नाही चालत बाई. रस्त्याला काय टेकतं? प्रत्येक टायरचा हा एवढा तुकडा." आणि माझ्या टेबलावर पंजा आपटला. चहा सांडला. "चार तळहात! त्याच्यावर सगळं खानदान!"

मग काय विचारता. त्यांनी पोरांना गृहपाठ दिला, गल्लीतल्या गाड्यांचे टायर वाचा आणि किलोत रूपांतर करा. आमची पोरं म्हणजे! वहीत लिहायचं सोडून पठ्ठ्यांनी खडूनं टायरवरच आकडे लिहिले. संध्याकाळी अख्ख्या कॉलनीत बोंब! गाड्यांवर चोरांनी खुणा करून ठेवल्यात, आज धाड पडणार. एका काकांनी तर गाडीला साखळी घालून झाडाला बांधली. दुसऱ्या दिवशी कॉलनीतली माणसं शाळेत आली, मुख्याध्यापक घामाघूम, आणि मॅडम? मॅडमनी तक्रार करायला आलेल्यांनाच फळ्यापुढं बसवून तक्ता समजावला. जाताना त्यातल्या दोघांनी विचारलं, "मॅडम, आमच्या गाडीला कोणता टाकू?"

लेकीच्या निकाहात तर कहरच केला. नवरीच्या गाडीत कुणी बसायचं हे आपल्याकडं मानपानावर ठरतं की नाही? मॅडमनी वजनावर ठरवलं! थोरले मामू म्हणजे चांगले धष्टपुष्ट, मानानं पुढं बसलेले. सोबत तिघी खाला, म्हणजे मावश्या, आणि डिकीत बिर्याणीच्या दोन देगा. मॅडम खाली वाकल्या, वाचलं, उठल्या आणि म्हणाल्या, "मामू, उतरा." वऱ्हाडासमोर! मामू असे रुसले की काही विचारू नका. दुसऱ्या गाडीत तोंड फिरवून बसले. बिर्याणीची पहिली प्लेट मॅडमनी स्वतः नेऊन दिली तेव्हा कुठं गडी हसला. तरी वर मॅडम म्हणाल्याच, "मामू, रुसवा चालतो. टायर फुटलेला नाही चालत."

लोक टिंगल करायचे. मीही केली. कुणाचं किती डोकं खावं याला काही ताळतंत्र! पण एक ठिकाण असं होतं की तिथं त्यांच्या या वजनाच्या वेडावर सगळी शाळा अवलंबून होती. ते म्हणजे आमच्या मुलींचा कबड्डीचा संघ.

शालेय कबड्डीत वजनाची मर्यादा असते. सामन्याआधी काट्यावर उभं करतात, मर्यादेच्या वर गेली की पोरगी बाद. आमच्या जाधव सरांनी खेळ शिकवायचा आणि ताहेरा मॅडमनी वजन सांभाळायचं, अशी वाटणी होती. दर शनिवारी बाराही जणींना काट्यावर उभं करायच्या. प्रत्येकीचं वजन तोंडपाठ. कुणी भीतीनं जेवण सोडलं की डबा उघडून समोर बसायच्या, "खा. तुझ्यात अजून दोन किलोची जागा आहे." या संघावर त्यांचा असा जीव होता! दोन वर्षं पोरी अंतिम सामन्यापर्यंत जाऊन हरल्या होत्या. तिसऱ्या वर्षी पुन्हा पोचल्या. अंतिम सामना सिल्लोडला, मॅडमच्या माहेरी. आणि महिनाअखेरीला मॅडम रिटायर होऊन लेकीकडं नांदेडला जाणार होत्या. "वर्षा, माझ्या माहेरच्या मैदानावर माझ्या पोरी जिंकताना एकदा बघायच्यात. मग कुठंही पाठवा मला." हे त्यांनी इतक्यांदा म्हटलं होतं की शाळेच्या शिपायालाही पाठ झालं होतं.

तो दिवस उजाडला. जाधव सर कागदपत्रं घेऊन मोटारसायकलवर पुढं गेले. शाळेच्या मिनीबसमध्ये बारा पोरी, मॅडम आणि मी. पोरींनी हर्सूलपासून जे गायला सुरुवात केली ती चौका गाव गेलं तरी थांबेना. मॅडम ताल धरत होत्या, सीट हलत होतं. आणि फुलंब्रीच्या पुढं आलो न आलो तोच बसनं खोकल्यासारखा आवाज केला आणि बसलीच ती. ड्रायव्हरमामा खाली उतरले, बॉनेट उघडलं आणि कपाळाला हात लावला.

अकराच्या आत सिल्लोडला काट्यावर उभं राहायचं होतं. नाही पोचलो तर संघ बाद, समोरचे न खेळता विजयी. पोरींची तोंडं बघवेनात. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना मी हात करत होते, कुणी थांबेना. एवढ्यात एक पांढरी सात सीटची गाडी करकचून थांबली आणि काचेतून डोकं बाहेर आलं.

"मॅडम! वळखलं का? संतोष! लई मार खाल्लाय तुमचा."

"संतोष! भूमितीत नापास!"

"व्हय मॅडम! आता सोताची गाडी टाकलीय. सिल्लोडलाच चाललोय. बसा सगळ्याजणी!"

देव पावला! पोरी ओरडतच धावल्या. मी दप्तरं उचलायला लागले. "संतोष, चौदा जणी आहोत रे," मी म्हटलं.

"आवं बसत्यात की! पोरींचं काय वजन? अन् टायर बघा की, आत्ताच टाकलेत. रिम पण नवी. रुंद हायत, रुंद! हत्ती बसू द्या."

त्यानं टायर बघा म्हणायला नको होतं. मॅडम खाली बसल्या. भर हायवेवर. मी मनात म्हटलं, या अल्ला, आज नको! एकेक पोरगी आत कोंबली जातेय, घड्याळ पळतंय, आणि या बोटानं धूळ पुसतायत. उठल्या तेव्हा चेहरा पार बदललेला.

"संतोष, आधीचे टायर कसे होते?"

"ते बारीक होते मॅडम. गाडी म्हातारी दिसायची."

"त्यांच्यावर अठ्ठ्याऐंशी होतं. या गाडीला तेच लागतं. यावर ब्याऐंशी आहे."

"सहाचाच तर फरक हाय की!"

"सहा पायऱ्यांचा. एका टायरमागं पंच्याऐंशी किलो कमी. म्हणजे एका टायरमागं एक अख्खी मी कमी, संतोष! रुंद म्हणजे मजबूत नसतं रे. रुंद आहे, पण चपटा आहे. पोटात हवाच कमी." आणि तिथंच उभ्या उभ्या हिशोब. गाडीचं वजन, बारा पोरींचं त्यांना पाठच, त्या, मी, संतोष, बॅगा. "एकोणीसशेच्या वर जातंय. चार टायर मिळून एकोणीसशे पेलतात. आणि भार मागच्या दोघांवर जास्त. पुढं रस्ता खोदून ठेवलाय. नाही. उतरा सगळ्या."

माझं डोकंच फिरलं. खोटं कशाला बोलू, मी ओरडले. "मॅडम, आजच्या दिवस सोडा की तुमचं ते टायर! पोरींचं वर्ष जाईल! सगळं जग असंच बसून जातंय!"

"जाऊ दे जगाला. या माझ्या पोरी आहेत." आवाज एवढासाही चढला नाही.

त्यांनी जाधव सरांना फोन लावला. "सात नावं सांगा. खेळणाऱ्या सात." सरांनी सांगितली. मॅडमनी एकेकीला हाताला धरून गाडीत बसवलं. सात पोरी आणि संतोष, तेही दाटीवाटीनंच, पण वजन बसत होतं. उरलेल्या पाच जणी रस्त्यावर. नाझनीन तर हमसून रडायला लागली, तिनंही वर्षभर घाम गाळला होता. मॅडमनी तिला पोटाशी घेतलं, पण गाडीत बसवलं नाही. मग कॅप्टन साक्षी खाली उतरायला लागली. "मॅडम, तुमी नाय आल्या तर आमी खेळणार नाय."

"मी काय चढाई करणार आहे का तिथं? बैस आत! संतोष, सावकाश. खड्डा दिसला की हळू. पोचल्यावर फोन."

गाडी गेली. मॅडम बघत राहिल्या. मी रागावलेलीच होते, पण त्यांच्याकडं बघितलं आणि राग कुठल्या कुठं गेला. डोळे भरले होते त्यांचे.

बऱ्याच वेळानं एसटी आली ती खच्चून भरलेली. कंडक्टर दारातच लोंबकळत म्हणाला, "उभ्यानं सहा. सातवा घेत नाय." पाच पोरी आणि एक. मी मॅडमना पुढं ढकललं. "तुमचं माहेर आहे, तुमच्या पोरी आहेत, तुम्ही जा!"

"कंडक्टरला विचार, मी एक म्हणून मोजणार का दोन!" असं म्हणून त्यांनीच मला दारातून आत लोटलं. खिडकीतून बघितलं, तर बंद पडलेल्या बसजवळ ओढणी डोक्यावर घेऊन उभ्या. हात हलवत होत्या आणि हसत होत्या. मला असं भरून आलं की शेजारच्या बाईनं विचारलं, "सासरी चाललाव का ताई?"

आम्ही पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते, पण सातही जणी वेळेत काट्यावर उभ्या राहिल्या होत्या. संघ शाबूत! संतोष मला बाजूला घेऊन गेला. चेहरा पांढराफटक. मागच्या डाव्या टायरच्या कडेला लिंबाएवढा फुगा आला होता. "आळंदच्या पुढं खड्ड्यात गेली मॅडम. सात पोरी होत्या तर एवढं झालं. समद्या असत्या तर..." ज्या तोंडानं मी ओरडले होते, ते तोंड घेऊन मी तशीच मातीत बसले.

मग सामना सुरू झाला आणि मॅडमचा फोन. "वर्षा, सांग! काय चाललंय ते सांग!"

मला कबड्डीतलं ओ की ठो कळत नाही. पण मी उभी राहिले आणि बोंबलत सुटले. "साक्षी गेली! दोघींना शिवून आली! आली, आली, परत आली!" पलीकडून हायवेवरच्या ट्रकांचा आवाज आणि त्यात मॅडमचा, "हौ! हौ! बोल!" "मॅडम, त्यांनी आपल्या तिघी बाद केल्या!" "घाबरू नको म्हण, पाय धरा म्हण, कंबर नक्को!" मी तेच मैदानाकडं बघून ओरडत होते, नाझनीन माझ्यापेक्षा मोठ्यानं ओरडत होती, आजूबाजूची माणसं सामना सोडून आमच्याकडं बघत होती. शेवटी बरोबरी झाली, अगदी थोडा वेळ उरला, साक्षी शेवटच्या चढाईला निघाली, आणि फोनवर मॅडम म्हणाल्या, "ठेव, गाडी आली!" फोन बंद! अहो, आत्ता?

साक्षीचा पाय मागून पकडला होता. ती अख्खी आडवी झाली, सरपटली, आणि रेषेला तिची बोटं टेकली. बोटं! जिंकलो! आम्ही जिंकलो! मी जाधव सरांना मिठी मारली. सर इतके लाजाळू, पण त्या दिवशी त्यांनाही भान नव्हतं.

कप द्यायला बोलावलं तर पोरी जाग्यावरून हलेनात. "मॅडम आल्यावर." पंच चिडले, पाहुण्यांनी घड्याळं बघितली. "मॅडम आल्यावर." सगळ्या बारा जणी मैदानाच्या मधोमध मांडी घालून बसल्या.

नंतर शाळेत मॅडमचा निरोपसमारंभ झाला, शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली. मला त्यातलं काहीसुद्धा आठवत नाही. माझ्या डोळ्यांपुढं मॅडम उभ्या राहतात त्या मक्याच्या टेम्पोतून उतरताना. केसात भुसा, चपलेचा एक अंगठा तुटलेला, मैदानाच्या फाटकातून पळत येतायत. पळता पळताच ओरडत होत्या, "दोन गाड्या सोडल्या गं, ओव्हरलोड होत्या! काय झालं? सांगा ना, काय झालं?"

बारा पोरी उठल्या, धावल्या, आणि बघता बघता मॅडम जमिनीवरून वर! कुणी पाय धरलेत, कुणी पाठ, नाझनीन डोक्यानं आधार देतेय. मॅडम किंचाळत होत्या, "अगं उतरवा! चौऱ्याऐंशी किलो आहे मी! मराल सगळ्या, उतरवा!"

खालून साक्षी ओरडली, "मॅडम, आमी बारा जणी हाव! भागा की!"

मॅडम वरच थांबल्या. खरंच भागलं त्यांनी, ओठ हलताना मी बघितले. मग रडत, हसत, ओढणी हवेत फिरवत त्या ओरडल्या, "सात-सात किलो! चालतंय! चला!"